कुलपती कोण, कुलगुरू कोण?

‘कुलपति का इस्तीफ़ा’ असा मथळा हिंदी वर्तमानपत्रात दिसला की मराठी वाचक दचकतो. राज्यपालांनी राजीनामा दिला की काय? आपल्याकडे राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती आणि प्रत्यक्ष कारभार पाहणारे ते कुलगुरू. हिंदीत मात्र कारभार पाहणाराच कुलपति, राज्यपाल कुलाधिपति. भाषांतर करताना या खड्ड्यात भलेभले पडलेले आहेत.

गंमत अशी की दोन्ही शब्द विद्यापीठांपेक्षा कितीतरी जुने. दहा हजार मुनींना खाऊपिऊ घालून शिकवतो तो कुलपती, अशी जुनी व्याख्या. ‘शाकुंतला’त दुष्यंत आश्रमापाशी येऊन कुलपती आहेत का विचारतो, ते कण्वांबद्दल. कुलगुरू म्हणजे घराण्याचा गुरू, रघुकुलाला वसिष्ठ तसा. म्हणजे शिकवायची आणि पोसायची जबाबदारी खरी कुलपतीची. आपण ती पदवी नेमकी वर्गात पाऊल न टाकणाऱ्याला दिली!

इंग्रजी ‘चान्सलर’चं कूळ याहून साधं. लॅटिनमध्ये ‘कान्सेली’ म्हणजे जाळी. रोमन न्यायालयात त्या जाळीपाशी उभा राहणारा हुजऱ्या तो ‘कान्सेलारियस’. पुढे हुजऱ्याचा लेखनिक झाला, लेखनिकाचा मोठा अधिकारी. मध्ययुगीन पॅरिसमध्ये नोत्र दाम कॅथेड्रलचा चान्सलर शिकवण्याचा परवाना देत असे. आज दीक्षान्त समारंभात कुलपती अध्यक्षस्थानी बसतात, त्यामागे हा परवान्याचा हक्क आहे.

आपल्याकडे हे पद 1857 साली मुंबई विद्यापीठाबरोबर आलं. नमुना लंडन विद्यापीठाचा : शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. चान्सलर अर्थातच मुंबईचा गव्हर्नर. 1862 साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर होते, त्यातले भांडारकर 1893 साली त्याच विद्यापीठाचे व्हाइस चान्सलर झाले. ‘व्हाइस’चा शब्दशः अर्थ ‘च्या जागी’. त्या हिशेबाने आपल्याकडेही ‘उपकुलपती’ चालला असता. कुलगुरू म्हटल्याने दुय्यमपणा पुसला गेला, हे मला तरी बरं वाटतं.

हिंदी पट्ट्यालाही ते पटू लागलंय. ‘पति’मधला मालकीचा वास नको म्हणून मध्य प्रदेशाने 2024 मध्ये आणि राजस्थानने 2025 मध्ये कुलपतिचा कुलगुरु केला. तिथले राज्यपाल मात्र कुलाधिपतीच राहिले.