ऑस्ट्रेलियातील परसबाग आणि देशी झाडे : पार्श्वभूमी

1770 मध्ये बॉटनी बेच्या किनाऱ्यावर गोळा केलेल्या नमुन्यांमुळे बँक्सियासारख्या वनस्पती युरोपला माहीत झाल्या. पण त्यानंतर दीर्घकाळ खुद्द ऑस्ट्रेलियातील घरांपुढे गुलाब, एल्म आणि हिरवळ यांचेच राज्य होते. देशी झाडझाडोऱ्याला परसात मानाची जागा मिळाली ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. 1957 मध्ये बागप्रेमींची यासाठीची संघटना उभी राहिली आणि 1970 च्या दशकात ही आवड उपनगरांत पसरली. तिच्याबरोबर देशी झाडाला काही करावे लागत नाही, हा समजही पसरला आणि तो महागात पडला. बँक्सिया आणि ग्रेव्हिलिया (आपल्याकडचा सिल्व्हर ओक याच प्रजातीतला) फॉस्फरस अगदी कमी असलेल्या जमिनीत वाढतात. त्यांची मुळे बारीक तंतूंचे दाट झुबके करून तेथील कणन्‌कण शोषून घेतात. नेहमीचे सुपरफॉस्फेट घातले की हीच क्षमता अंगाशी येते, पानांच्या कडा करपतात आणि झुडूप वाळून जाते.

मोठा वाद मात्र वॅटलच्या, म्हणजे अकेशिया गटातील ऑस्ट्रेलियन झाडांच्या, शास्त्रीय नावावरून झाला. अकेशिया हे प्रजातीनाम (अनेक जातींच्या गटाचे नाव) मुळात आफ्रिका व भारतातील बाभळीवर आधारलेले होते. या अवाढव्य प्रजातीचे विभाजन अटळ ठरल्यावर नियमानुसार ते नाव बाभळीकडे राहिले असते आणि ऑस्ट्रेलियातील सुमारे एक हजार जातींना रॅकोस्पर्मा म्हणावे लागले असते. तसे न करता नावाचा आधार म्हणून ऑस्ट्रेलियन जाती धरावी, अशी शिफारस 2005 मध्ये व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेपुढे आली. निम्म्याहून अधिक मते शिफारशीच्या विरोधात पडली. तरीही ती फेटाळण्यासाठी 60 टक्के मते आवश्यक मानली गेल्याने ती टिकली, आणि 2011 च्या मेलबर्न परिषदेत ती कायम राहिली. बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर सेनेगालिया झाला. रोपवाटिकांतील पाट्या बदलाव्या लागल्या नाहीत, 1988 पासून राष्ट्रीय पुष्पचिन्ह असलेल्या गोल्डन वॅटलचे नावही वाचले, ही सोय खरी आहे. परंतु बहुमत विरोधात असताना टिकलेल्या निर्णयामुळे नामांतर आफ्रिका-आशियाच्या वाट्याला यावे, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

बागेचा अलीकडचा चेहरा कलमांनी घडवला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाल फुलांच्या निलगिरीला पूर्वेकडचा दमट उन्हाळा मानवत नसे. काटक खुंटावर बांधलेल्या तिच्या ठेंगण्या संकरित वाणांमुळे ती लहान अंगणातही फुलू लागली. कुंपणावर जांभळ्या फुलांची हार्डेनबर्जिया आणि गुलाबी पँडोरिया हे वेल रुळले. याच काळात देशी कशाला म्हणायचे, याचा निकषही कडक झाला. न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण भागातील एका लहान पट्ट्यातली कूटामुंड्रा वॅटल दूरदूरच्या बागांत लावली गेली, तेथून रानात पसरली, स्थानिक वॅटलशी तिचा संकर होऊ लागला आणि अनेक ठिकाणी ती तण ठरली. त्यामुळे आता अनेक स्थानिक प्रशासने केवळ ऑस्ट्रेलियन नव्हे, तर त्याच परिसरात मूळ असलेल्या जाती लावण्याचा आग्रह धरतात.