मंत्रचळावरील स्वयंमार्गदर्शित ऑनलाइन उपचार

मंत्रचळ (ओसीडी, अनिवार्य विचार-कृती विकार) असलेल्या व्यक्तीने संगणकावर किंवा मोबाइलवर क्रमवार धडे घेऊन, उपचारकाच्या नियमित भेटीविना स्वतःच चालवायचा वर्तनोपचार. मंत्र म्हणताना चूक झाली की बुद्धी चळते, अशी जुनी समजूत ‘मंत्रचळ’ या शब्दामागे दिसते. बोलीत तो नुसत्या विक्षिप्तपणालाही लावतात. या नोंदीत त्याचा अर्थ ओसीडी एवढाच आहे : नकोसा विचार पुन्हापुन्हा येतो आणि त्याची धास्ती शमवायला ठरावीक कृती पुन्हापुन्हा करावी लागते.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. मतभेद मुख्यतः ‘ऑनलाइन’ आणि ‘स्वयंमार्गदर्शित’ हे शब्द किती ताणायचे याचा आहे. उपचाराचा गाभा जुना. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रुग्णाला धास्ती वाटणाऱ्या गोष्टीला सामोरे न्यायचे आणि त्यानंतरची ठरावीक कृती होऊ द्यायची नाही, ही त्यातली रीत. पुढे ती ‘सामना व प्रतिसाद-प्रतिबंध’ किंवा दवाखान्यातल्या बोलीत ईआरपी म्हणून रूढ झाली. १९७० च्या दशकात लंडनच्याच मॉडस्ली रुग्णालयात आयझॅक मार्क्स, स्टॅन्ली रॅकमन आणि रे हॉजसन यांनी तिची पद्धतशीर पारख केली.

यंत्राचा शिरकाव साधारण १९८० च्या दशकात झाला. अमेरिकेत ली बेअर व सहकाऱ्यांनी रुग्णाजवळ राहील असा छोटा संगणक वापरला. काही लेखक आरंभ इथेच मानतात. पण तिथे यंत्र उपचारकाच्या हाताखालचे होते. स्वयंमार्गदर्शनाचा दावा खऱ्या अर्थाने करता येतो तो ‘बीटी स्टेप्स’बाबत. जॉन ग्राइस्ट, मार्क्स व बेअर यांनी १९९० च्या दशकात तयार केलेल्या या कार्यक्रमात रुग्णाकडे एक कार्यपुस्तिका असे. तो बटणांच्या फोनवरून संगणकाला फोन लावी, ध्वनिमुद्रित प्रश्न ऐकून बटणे दाबी आणि पुढची पायरी यंत्र ठरवी. पायऱ्या नऊ, सुरुवातीच्या आत्मपरीक्षणाच्या, नंतरच्या प्रत्यक्ष ईआरपीच्या. आंतरजालाचा यात संबंध नव्हता, तरी पद्धतीचा सांगाडा इथे पूर्ण दिसतो. म्हणून हाच आरंभ मानणे सयुक्तिक वाटते. आंतरजालाची अट कडक धरली तर सुरुवात २००० नंतर सरकते. तोवर हाच कार्यक्रम ‘ओसीफायटर’ नावाने संगणकाच्या पडद्यावर आला होता.

कार्यपद्धती : कालावधी बहुधा ८ ते १४ आठवडे. आरंभी विकाराची तीव्रता मोजणारी येल-ब्राउन मापनी भरतात : १० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ४० गुण, १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र. पहिला आठवडा नुसत्या नोंदीचा. कोणता विचार आला, त्यावर काय केले, किती वेळ गेला. नंतर धास्तीच्या प्रसंगांची १० ते २० पायऱ्यांची शिडी करतात. प्रत्येक पायरीला जोसेफ वोल्पी यांच्या पद्धतीने ० ते १०० अस्वस्थता-गुण द्यायचे आणि ३०–४० गुणांच्या पायरीपासून चढायला लागायचे. थेट ८० ची पायरी घेणारा अर्ध्यात पळ काढतो आणि पळाल्याने भीती आणखी पक्की होते.

रोजचा सराव ४५ ते ९० मिनिटांचा. उदाहरणार्थ, सार्वजनिक नळाची तोटी धरून तोच हात कपड्यांना, उशीला लावायचा आणि धुवायचा नाही. शौचानंतर व जेवणापूर्वी साधारण २० सेकंद हात धुणे चालू ठेवायचे. बंद करायचे ते त्यापलीकडचे. तपासणीचा मंत्रचळ असेल तर गॅसचा नॉब एकदाच बंद करून, कडी-कुलूप एकदाच लावून निघायचे. नॉबचा मोबाइलवर फोटो काढून नेणे वर्ज्य; ती खिशात घालून नेलेली तपासणीच होय.

देवाविषयी अभद्र किंवा जवळच्यांना इजा करण्याचे नकोसे विचार येत असतील, तर भीतीचा प्रसंग वर्तमानकाळात अर्धे पान लिहून, स्वतःच्या आवाजात मुद्रित करून रोज अर्धा तास ऐकतात. शेवटी ‘पण असं काही होणार नाही’ हे वाक्य घालायचे नाही. त्या एका वाक्याने सराव दिलासा देणारा होऊन बसतो.

पायरी केव्हा सोडायची यावर दोन मते आहेत. एड्ना फोआ व मायकेल कोझाक (१९८६) यांच्या मांडणीला धरून अस्वस्थता निम्म्यावर येईपर्यंत थांबावे, असा जुना नियम आहे. मिशेल क्रॅस्क यांच्या नंतरच्या मांडणीत आकडा उतरण्याला फारसे महत्त्व नाही; ‘जे घडेल असे वाटले होते ते घडले का’ हे पडताळणे महत्त्वाचे. छापील सूचनांत अजून पहिला नियम टिकून असला, तरी घरी एकट्याने करताना दुसरा अधिक सोयीचा पडतो, कारण आकडा उतरला नाही म्हणून घाबरून जायचे कारण उरत नाही.

कोठे बिघडते : सर्वाधिक घोटाळा मनातल्या मनात होतो. हात धुतला नाही, पण मनात स्तोत्र म्हटले, आकडे मोजले, घटना उलट क्रमाने आठवून पाहिली. म्हणजे कृती झालीच. समोर उपचारक असता तर हे त्याने विचारून काढले असते. पडद्याला ते दिसत नाही. दुसरी चूक उसनवारीची : सकाळचा सराव नीट करून रात्री एकदम अर्धा तास आंघोळ. तिसरी म्हणजे घरच्यांकडून हमी मागणे. ‘घाण लागली नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही गं’ म्हणणारी आई नकळत विकाराला खतपाणी घालते. याचे उत्तर द्यायचे नाही, हे तिच्याशी आधीच ठरवून ठेवावे लागते. हीच हमी गूगलकडेही मागितली जाते. सरावाच्या वेळी दीर्घश्वसन करून अस्वस्थता दाबल्यानेही काम अडते. शिवाय धडा ‘नीट समजेपर्यंत’ पुन्हापुन्हा वाचणे, मापनीतले उत्तर दहादा बदलणे, असा उपचाराचाच मंत्रचळ होऊ शकतो.

परिणाम : ग्राइस्ट व सहकाऱ्यांच्या २००२ च्या चाचणीत २१८ रुग्ण होते. येल-ब्राउन गुण संगणकाच्या मार्गदर्शनाने सरासरी ५.६, उपचारकाच्या मार्गदर्शनाने ८.०, तर नुसत्या शिथिलीकरणाने १.७ ने उतरले. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या २०१२ च्या चाचणीत (१०१ रुग्ण, १० आठवडे) लक्षणीय सुधारणा ६० टक्क्यांत दिसली, तुलनागटात ६ टक्क्यांत. हा आकडा स्वयंमार्गदर्शित उपचाराच्या नावावर खपवला जातो, ते बरोबर नाही. तिथे उपचारक संदेशांना उत्तरे देत होते. स्वीडनमध्येच २०२२ मध्ये तिन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहिले गेले (१२० रुग्ण). प्रत्यक्ष भेटीच्या तुलनेत उपचारकाची जोड असलेला ऑनलाइन उपचार सुमारे २ गुणांनी, तर जोड नसलेला सुमारे ५ गुणांनी मागे राहिला.

इंग्लंडचा अनुभव थंड आहे. तेथील सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००६ मध्ये ओसीफायटरची शिफारस नाकारली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७३ रुग्णांच्या चाचणीत फोनवरच्या थोड्या मदतीसह दिलेला हा कार्यक्रम तीन महिन्यांनंतर प्रतीक्षायादीपेक्षा सरस ठरला नाही. बऱ्याच जणांनी तो पुरता वापरलाच नव्हता. स्वीडिश चाचण्यांत स्वतःहून नाव नोंदवणारे अधिक, हे फरकाचे एक कारण असावे. मदत कधी मिळते यालाही महत्त्व आहे : लंडनमधील २००५ च्या छोट्या चाचणीत ठरलेल्या वेळी फोन येणाऱ्यांनी, गरज लागली की स्वतः फोन करा असे सांगितलेल्यांपेक्षा अधिक सराव केला आणि कमी गळती दाखवली.

ऑस्ट्रेलियात बेथनी वूटन व सहकाऱ्यांनी प्रौढांसाठी, तर पर्थच्या कर्टिन विद्यापीठाने १२ ते १८ वयोगटासाठी (‘ओसीडी? नॉट मी!’, आठ टप्पे) उपचारकाविना चालणारे कार्यक्रम केले आहेत.

मर्यादा : आत्महत्येचे विचार, भ्रम-भास, अंथरूण न सोडवणारे नैराश्य किंवा येल-ब्राउन मापनीत ३२ च्या वरचे गुण असल्यास हा मार्ग एकट्याने धरू नये. औषधे चालू असल्यास ती परस्पर बंद करू नयेत. भारतात तातडीच्या सल्ल्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवा (१४४१६) आहे. तिथे ईआरपीचा कार्यक्रम नव्हे, समुपदेशन मिळते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेमध्ये ओसीडीचा स्वतंत्र दवाखाना आहे.

बहुतेक कार्यक्रम इंग्रजी, स्वीडिश किंवा जर्मनमध्ये आहेत आणि त्यांच्या उदाहरणांत सोवळे, विटाळ, देवघर येत नाही. शिडी मात्र स्वतःच लिहायची असल्याने ती मराठीत लिहिता येते. सोवळ्याची पायरी ठरवताना कसोटी घरातल्या इतर सोवळे पाळणाऱ्यांची धरतात : आजी नैवेद्याआधी एकदा हात धुते, तर रुग्णानेही एकदाच.