फुस्तातची कागदाची खोली

देवाचं नाव लिहिलेला कागद ज्यू परंपरेत केरात टाकत नाहीत. तो जीर्ण झाला की सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळातल्या, एका खोलीत ठेवायचा आणि पुढे सवडीने दफनभूमीत पुरायचा. या खोलीला म्हणतात गेनिझा. आपल्याकडे जीर्ण पोथी नदीत सोडतात, तसंच काहीसं. म्हणजे कागद जपून ठेवावा असा हेतू मुळी नव्हताच, त्याला मानाने निरोप द्यायचा होता.

जुन्या कैरोतल्या, फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये हा निरोप बराचसा राहूनच गेला. अकराव्या शतकात इमारत नव्याने उभी राहिली आणि त्यानंतर शतकानुशतकं कागद साठत गेले. खोलीला धड दार नाही. भिंतीत उंचावर एक भोक, तिथवर शिडीने चढायचं. बाकीचं काम इजिप्तच्या कोरड्या हवेने केलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यातली पानं बाजारात फिरू लागली होती. 1896 साली ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या स्कॉटिश जुळ्या बहिणींनी प्रवासात विकत घेतलेली काही पानं केंब्रिजमध्ये ज्यू ग्रंथांचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांना दाखवली. त्यात बेन सिराच्या ग्रंथाचं, म्हणजे एका प्राचीन ज्यू बोधग्रंथाचं, हिब्रू पान निघालं! मूळ हिब्रू संहिता हरवली असंच तोवर धरून चालले होते. वर्षअखेरीस शेख्टर कैरोला पोचले, मुख्य रब्बींची, म्हणजे तिथल्या ज्यू धर्मगुरूंची, परवानगी मिळवली आणि धुळीत बसून कागद निवडले. छापील ते बाजूला, हस्तलिखित तेवढं घ्यायचं. केंब्रिजच्या संग्रहात आज सुमारे 1,93,000 तुकडे आहेत.

शेख्टरांना ओढ धर्मग्रंथांची होती. खरी मौज मात्र चिठ्ठ्याचपाट्यांत आहे: करार, याद्या, व्यापाऱ्यांची पत्रं. भाषा अरबी, लिपी हिब्रू. पवित्र लिपीतला म्हणून साधा हिशेबही गेनिझात जाई. इतिहासकार एस. डी. गॉइटाइन यांनी विसाव्या शतकात या पत्रांचा माग काढला, तो थेट भारतापर्यंत आला. बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू नावाचा ज्यू व्यापारी मंगळूरला राहत होता. आशू नावाच्या दासीला मुक्त केल्याचा त्याचा 1132 सालचा कागद उपलब्ध आहे. येमेनमधल्या एडन बंदराचे व्यापारी त्याच्याकडे मोडीचं तांबं पाठवून भांडी घडवून घेत. सोबत भेट म्हणून साखर, मनुका आणि कोरे कागद. कारण इकडे लिहायचं ते ताडपत्रावर, कागद मिळणार कुठून?

केंब्रिजमधल्या कितीतरी पेट्या 1950च्या दशकापर्यंत तशाच पडून होत्या. 1974 साली स्टीफन राइफ यांनी स्वतंत्र विभाग सुरू केल्यावर कामाला वेग आला. एकेक तुकडा हाताने साफ करून पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवला गेला. पाकीट पारदर्शकच हवं, कारण कागदाच्या दोन्ही बाजू वाचाव्या लागतात. बेन यिजूचंच बघा: एडनहून आलेलं पत्र वाचून झालं, की त्याच्याच पाठीवर तो आपला हिशेब मांडत असे.