पूरक आणि एकात्मिक कर्करोगोपचार (नाशिक)

शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार किंवा संप्रेरकांच्या गोळ्या चालू असताना त्यांच्या जोडीने योग, ध्यान, अॅक्युपंक्चर, मालिश, विशिष्ट आहार, वनौषधी असे जे केले जाते, त्याला पूरक उपचार म्हणतात. तेच उपचार मूळ डॉक्टरांना सांगून, पुरावा पाहून आणि एकाच फाइलमध्ये नोंदवून घेतले, की ते एकात्मिक उपचार होतात. मूळ उपचार सोडून देऊन दुसरे काही घेतले, तर तो पर्यायी उपचार. व्याख्या अशा आखीव असल्या तरी पेशंटचे घर आखीव नसते. सोमवारी केमो, बुधवारी वैद्यांचा काढा, शनिवारी कुणा नातेवाइकाने आणलेली पुडी, असा आठवडा नाशिक जिल्ह्यात नवलाचा नाही.

नाशिकची पार्श्वभूमी

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकला म्हसरूळ परिसरात आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी राज्यातली अॅलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, परिचर्या आणि भौतिकोपचार अशी सर्व प्रकारची महाविद्यालये संलग्न आहेत. म्हणजे एमबीबीएस आणि बीएएमएस या दोन्ही पदव्यांवर शिक्का एकाच इमारतीतला असतो. दवाखान्यात मात्र या दोन पदव्यांची माणसे एकमेकांची चिठ्ठी क्वचितच वाचतात. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद सेवा संघाचे जुने महाविद्यालय आहे. योग विद्या धामचे संस्थापक विश्वास मंडलिक यांना २०१८ साली योगासाठीचा पंतप्रधान पुरस्कार मिळाला. इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली विपश्यना शिबिरे १९७६ पासून भरत आली आहेत. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि ‘शेक’ (किरणोपचाराला पेशंट हाच शब्द वापरतात) या सोयी आता शहरातच आहेत. तरीही ‘एकदा टाटाला दाखवून येऊ’ म्हणून मुंबईची गाडी पकडणारे पुष्कळ. पेठ, सुरगाणा, कळवण या भागांत गाठ पहिल्यांदा पाहतो तो बहुधा वैदू किंवा भगत.

अर्बुद आणि सदाफुली

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन आहे. गोल, घट्ट, खोल मुळाची, हळूहळू वाढणारी आणि न पिकणारी मांसाची गाठ म्हणजे अर्बुद. एका अर्बुदावर दुसरे उठले तर ते अध्यर्बुद, दोन जोडीने उठली तर द्विरर्बुद. यातले निरीक्षण बारीक आहे. मात्र अर्बुद म्हणजे आजच्या अर्थाने कर्करोगच, असे म्हणता येत नाही. साध्या गाठीही त्या नावात येत असणार.

वनस्पती आणि केमो यांना एकमेकांचे शत्रू मानणाऱ्यांनी अंगणातल्या सदाफुलीकडे पाहावे. मूळची मादागास्करची ही झुडुपे नाशिकमध्ये बंगल्यापासून चाळीच्या डब्यापर्यंत सगळीकडे फुललेली असतात. मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून तिची पाने तपासताना १९५८ च्या सुमारास कॅनडातल्या रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांना वेगळेच दिसले : अर्काने पांढऱ्या पेशी घटत होत्या. त्यातून व्हिनब्लास्टिन हाती आले, पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना व्हिनक्रिस्टिन आजही शिरेतून दिले जाते. आता हे वाचून कुणी सकाळी चार पाने चावू लागेल, म्हणून पुढचे सांगणे भाग आहे. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. चार पानांत औषधाचा डोस नसतो. मळमळ आणि विषबाधेपुरते अल्कलॉइड मात्र असू शकते. शिवाय हे औषध शिरेतून चुकून बाहेर गळले तरी मांस जाळते. पोटात चघळून घेण्याची ही चीज नव्हे.

यू वृक्षाच्या सालीतून मिळालेले पॅक्लिटॅक्सेल आणि सोमलाच्या कुळातले आर्सेनिक ट्रायऑक्साइड (एका विशिष्ट रक्तकर्करोगावरचे) यांचीही कहाणी याच वळणाची आहे. झाडपाला आणि खनिज यांना केमोच्या दालनात प्रवेश आहे. मोजमाप आणि चाचणी या दोन दारांतून यावे लागते इतकेच.

कशाचा उपयोग होतो

गाठ विरघळवण्याचा दावा बाजूला ठेवला तर पूरक उपचारांची बाजू बळकट आहे. मळमळ, थकवा, झोप, सांधेदुखी, धास्ती ही त्यांची खरी जागा.

मळमळीसाठी आले. दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम सुंठीने केमोनंतरची मळमळ कमी झाल्याचे काही चाचण्यांत दिसले, काहींत दिसले नाही. उलटीच्या गोळ्या चालू ठेवून आल्याचा तुकडा चघळायला बहुतेक डॉक्टर ना म्हणत नाहीत. मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, हाताच्या आतल्या बाजूला दोन स्नायुबंधांच्या मधली जागा दाबून धरणे हाही एक उपाय आहे. त्याला काही लागत नाही, म्हणून बसमध्येसुद्धा करता येतो, आणि घाटातून येणाऱ्या पेशंटला तो तिथेच लागतो.

स्तनाच्या कर्करोगानंतर संप्रेरक रोखणाऱ्या गोळ्यांनी बोटे आणि गुडघे आखडतात. या दुखण्यावर अॅक्युपंक्चरची २२६ स्त्रियांवरची अमेरिकी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. खऱ्या सुयांनी दुखणे खोट्या (तुलनेसाठी नुसत्या वरवर टोचलेल्या) सुयांपेक्षा अधिक कमी झाले. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांची संघटना आणि एकात्मिक कर्करोगोपचाराची संघटना यांनी २०२२ मध्ये वेदनेवर आणि २०२३ मध्ये चिंता व नैराश्यावर संयुक्त मार्गदर्शिका काढल्या. चिंतेसाठी त्यांत सजगतेच्या ध्यानाला वरचे स्थान आहे.

योगाबद्दल घरचाच दाखला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांवर घेतलेली चाचणी २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडली. आजार न उलटता जगण्यात १५ टक्के सापेक्ष सुधारणा, ही त्यातली बातमी झालेली ओळ. ‘सापेक्ष’ हा शब्द मथळ्यांतून गळतो, आणि मग शंभरातल्या आणखी पंधरा जणी वाचतात असा गैरसमज होतो. तसा तिचा अर्थ नाही; आजार उलटण्याचा मूळचा जो धोका, त्याच्या तुलनेतला तो आकडा आहे. तिथला योगही बेताचा होता : उपचाराच्या टप्प्याप्रमाणे बेतलेली सौम्य आसने, श्वसन आणि विश्रांती. टाके ताजे असताना कपालभाती किंवा आजार हाडांत उतरला असताना पश्चिमोत्तानासन हे योगशिक्षकाला फाइल न दाखवल्याचे परिणाम असतात. धम्मगिरीच्या दहा दिवसांच्या शिबिराचेही तेच. पहाटे चारला उठून दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बैठक, हे केमोच्या मधल्या काळात शरीराला झेपेलच असे नाही. उपचार संपल्यावर, डॉक्टरांना आणि शिबिराच्या व्यवस्थापकांना आधी कळवून जावे.

तोंड येऊ नये म्हणून मध लावण्याला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत जागा मिळाली आहे, विशेषतः डोक्या-मानेच्या शेकात. साखर असलेल्यांनी विचारून.

पुडी

नाशिकच्या ओपीडीत डॉक्टर विचारतात, ‘अप्पा, आणखी काही घेता का?’ अप्पा सांगतात, ‘नाही हो, काही नाही.’ मुलगी मागून हळूच म्हणते, ‘गुळवेल घेतात. आणि ती पुडी.’ पुडीवर नाव नसते. घरातल्या लोकांच्या मते ती औषध नव्हे, ‘आपलं आयुर्वेदिक’ असते. म्हणून औषधांच्या यादीत येत नाही. केमोनंतर यकृताचे आकडे वाढले, की डॉक्टर आधी केमोवर संशय घेतात आणि पुढचा डोस कमी करतात किंवा लांबवतात. हे नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही.

गुळवेलीचा वाद ताजा आहे. कोविडच्या काळात घरोघर काढे उकळले गेले आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख पटवलेली नव्हती, हा त्यातला मुख्य मुद्दा. वाद कुणाच्याही बाजूने सोडवला तरी पेशंटचा प्रश्न तोच उरतो : पिशवीतली काडी नक्की कशाची, हे सांगणार कोण?

भाजीतली हळद निर्धोक आहे. तिच्यातल्या कुर्क्युमिनच्या कॅप्सूलची गोष्ट वेगळी. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची संप्रेरक रोखणारी गोळी) घेणाऱ्या स्त्रियांच्या एका छोट्या डच अभ्यासात (२०१९) कुर्क्युमिनमुळे त्या औषधाच्या कार्यक्षम रूपाची रक्तातली पातळी घटली, आणि सोबत मिऱ्यातले पायपरिन दिले तेव्हा आणखी घटली. हळद ‘लागू पडावी’ म्हणून मिरी घालण्याचा सल्ला फोनवर फिरत असतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवायला हवे. रसौषधींची (पारा, धातू आणि खनिजे वापरून केलेल्या आयुर्वेदिक औषधांची) काळजी आणखी निराळी. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली (२००८), तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले.

गव्हांकुराच्या रसाला आणि कच्च्या मोडांना अडचण जंतूंची आहे. केमोनंतर साधारण आठवडाभराने पांढऱ्या पेशी तळाला जातात. अशा वेळी घरच्या ट्रेमध्ये दमट मातीत वाढवलेले, न शिजवलेले काहीही पोटात जाणे हे ताप चढून दवाखान्यात भरती होण्याचे निमंत्रण ठरू शकते. लक्ष्मीतरूच्या पानांचा काढा हल्ली फार चालतो. माणसांवरच्या चाचण्यांत त्याने कर्करोग बरा केल्याचा पुरावा नाही.

द्राक्षे

द्राक्षांच्या जिल्ह्यात हा प्रश्न हमखास येतो. काही कर्करोगाच्या गोळ्यांसोबत ‘ग्रेपफ्रूट’ खाऊ नये असे माहितीपत्रकात छापलेले असते. त्याचे मराठी कुणी ‘द्राक्ष’ करतो आणि मग निफाडचा बागायतदार स्वतःच्या बागेकडे चोरासारखा पाहू लागतो. ग्रेपफ्रूट हे लिंबू-संत्र्याच्या कुळातले फळ. त्यातले घटक आतड्यातल्या एका विकराला अडवतात, त्यामुळे औषध रक्तात वाजवीपेक्षा जास्त साठते. आपल्याकडचे पपनस त्याचे जवळचे नातलग, तेव्हा पथ्य पपनसाचे पाळायचे. द्राक्षे स्वच्छ धुऊन खायला हरकत नाही. पेशी फार उतरलेल्या असतील तेवढे दिवस विचारून.

याची उलट बाजूही आहे. १९२० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या योहाना ब्रांट यांनी केवळ द्राक्षांवर राहून कर्करोग जातो असा प्रचार केला होता. १९९७ मध्ये द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉलवरचे प्रयोगशाळेतले संशोधन गाजले आणि त्या प्रचाराला नवे बळ आले. परीक्षानळीतल्या पेशी आणि उंदरांवरून पेशंटच्या ताटापर्यंत पोचण्याची वाट अजून सापडलेली नाही. आधीच वजन उतरलेल्या माणसाला डाळ, अंडी, दूध बंद करून द्राक्षांवर ठेवणे म्हणजे त्याची उपासमार.

सोबत की ऐवजी

येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध केले. फक्त पर्यायी उपचार निवडणाऱ्यांत मृत्यूचा धोका मूळ उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट होता. स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून जास्त. दुसरा अभ्यास अधिक विचार करायला लावणारा आहे. त्यातल्या लोकांनी मूळ उपचाराचा किमान एक भाग घेतला होता, जोडीला पूरकही चालू होते. तरी धोका दुप्पट निघाला. कारण त्यांनी शस्त्रक्रिया, केमो, शेक किंवा संप्रेरक-गोळ्या यांतले काहीतरी नाकारले होते. ‘ऑपरेशन करू, केमो नको’ हे वाक्य नाशिकमध्येही अनोळखी नाही. ‘तुकडा काढला की आजार पसरतो’ या समजुतीने तपासणीच टाळणारेही आहेत.

त्र्यंबकेश्वरची नारायण नागबळी ही तीन दिवसांची पूजा उपचाराच्या काळात अनेक घरे करतात. तिला उपचार म्हणता येणार नाही. पण ती करून घर शांत झाले, पेशंट जेवू लागला, तर डॉक्टरने तिच्यावर हसण्याचे कारण नाही. अडचण येते ती मुहूर्त आणि केमोची तारीख एकाच आठवड्यात आली की. २१ दिवसांचे चक्र पूजेसाठी पुढे ढकलण्याआधी फोन करावा. पेशी कमी असताना गर्दीत जावे की नाही, तेही त्याच फोनवर विचारावे.

कायदा आणि खर्च

औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या परिशिष्टात कर्करोगाचे नाव आहे. कर्करोग बरा करतो अशी औषधाची जाहिरात देणे त्यामुळे गुन्हा ठरतो, मग औषध कोणत्याही पॅथीचे असो. तरीही भिंतींवर आणि फोनवर त्या दिसतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार बसतात. पुडीचे, रसाचे आणि पावडरच्या डब्याचे पैसे घरातून जातात. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की भूलतज्ज्ञाला हा डबा दाखवावा लागतो, कारण लसणाच्या आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलने रक्तस्राव वाढू शकतो आणि त्या काही दिवस आधीच थांबवायच्या असतात. नुसते नाव सांगून भागत नाही, पिशवीच सोबत न्यावी.