वर्ड्सवर्थ ते पेटर: कवितेच्या व्याख्यांमागचे वाद

कविता म्हणजे उत्कट भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक, ही वर्ड्सवर्थची व्याख्या इंग्रजी साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. पाठ असते ती अर्धीच. त्याच वाक्यात पुढे तो बजावतो की, जिला काही मोल आहे अशी कविता लिहिणाऱ्याने दीर्घ आणि सखोल विचारही केलेला असतो. हे अर्धे गळून पडते याचे मला फार वाईट वाटते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी समीक्षेतली बहुतेक मते कुणाशी तरी वाद घालताना मांडली गेली आहेत, आणि तो वाद ठाऊक नसेल तर त्यांचा खरा रोख कळत नाही.

वर्ड्सवर्थचा वाद आधीच्या शतकाशी होता. कवी अलेक्झांडर पोपने १७११ मध्ये म्हटले होते की, सर्वांच्या मनात येऊन गेलेले पण इतक्या नेमकेपणाने कधी कुणी न सांगितलेले ते खरे चातुर्य. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५९ च्या ‘रासेलस’ या कथेतला इम्लाक हा कवी सांगतो की, कवीने ट्यूलिपच्या पाकळीवरच्या रेघा मोजू नयेत, एकेका वस्तूऐवजी तिच्या साऱ्या प्रकाराकडे पाहावे. म्हणजे कवितेचा विषय सर्वसामान्य सत्य, आणि कवीचे काम ते घोटीव करून मांडणे.

१७९८ मध्ये वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांचा ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह कवींच्या नावाविना निघाला. १८०० च्या दुसऱ्या आवृत्तीला वर्ड्सवर्थने मोठी प्रस्तावना जोडली आणि १८०२ मध्ये ती वाढवली. खेड्यातल्या साध्या माणसांचे जगणे आणि त्यांची खरी भाषा हीच कवितेची सामग्री, हा तिचा गाजलेला दावा. मला मात्र तिच्यातले निदान जास्त महत्त्वाचे वाटते. माणसे शहरांत दाटीवाटीने राहू लागली आहेत, रोजचे काम एकसुरी झाले आहे, त्यामुळे त्यांना सतत काहीतरी खळबळजनक हवे असते आणि तासातासाला पोहोचणाऱ्या बातम्या ती भूक भागवतात, असे तो लिहितो. बोथट झालेली संवेदना पुन्हा जागी करणे हे त्याच्या दृष्टीने कवितेचे काम होते. साध्या भाषेचा आग्रह त्यातूनच आला.

खणखणीत विरोध घरातूनच झाला. ही प्रस्तावना अर्धी आपल्याच डोक्यातून निघाली आहे, असे कोलरिजने १८०२ च्या एका पत्रात लिहिले. पण कवितेविषयीच्या आपल्या दोघांच्या मतांत मुळातच फरक असावा, अशी शंकाही त्याच पत्रात आहे. १८१७ च्या ‘बायोग्राफिया लिटरेरिया’मध्ये त्याने ती पूर्ण मांडली. खेडुताच्या भाषेतले प्रांतिक विशेष काढून टाकले तर उरणारी भाषा कुठल्याही समंजस माणसाची असेल, आणि भाषेतला सर्वोत्तम भाग तर मनाने स्वतःच्याच व्यापारांवर केलेल्या चिंतनातून येतो, असे त्याने दाखवले. कवितेत वृत्त आले की शब्दांकडून होणारी अपेक्षाही बदलते. फॅन्सी, म्हणजे नुसती कल्पकता, आणि कल्पनाशक्ती यांतही त्याने फरक केला. फॅन्सी आधी तयार असलेल्या वस्तूंची केवळ जुळवाजुळव करते. कल्पनाशक्ती मात्र त्या विरघळवून नव्याने घडवते आणि परस्परविरोधी गुणांचा मेळ घालते. कान्ट आणि शेलिंग या जर्मन तत्त्वज्ञांच्या वाचनाची छाप इथे स्पष्ट आहे. तरीही कवितेच्या आत काय घडते याकडे इतक्या बारकाईने पाहणारा त्या काळात दुसरा कुणी मला दिसत नाही.

कवी कीट्सने १८१७-१८ च्या पत्रांत आणखी वेगळी बाजू घेतली. त्याच्या मते कवीला स्वतःची ओळखच नसते. तो सतत दुसऱ्या कशात तरी शिरत असतो. वर्ड्सवर्थचा अहंकेंद्री भव्यपणा त्याला नको होता.

१८२० मध्ये कादंबरीकार थॉमस लव्ह पीकॉकने सुसंस्कृत समाजातला कवी म्हणजे अर्धरानटी माणूस, असा हल्ला चढवला. त्याचा मित्र, कवी शेली याने पुढच्या वर्षी ‘अ डिफेन्स ऑफ पोएट्री’ लिहून कवींना जगाचे मान्यता न मिळालेले कायदेकर्ते ठरवले. हा निबंध छापला गेला १८४० मध्ये, शेली गेल्यानंतर अठरा वर्षांनी. केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’मधला कवीविषयीचा अभिमान याच घराण्यातला आहे.

पीकॉक लंडनमधल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ज्या कचेरीत होता, तिथेच तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल नोकरीला होता. १८२६ मध्ये त्याला खोल नैराश्याने घेरले, आणि १८२८ मध्ये वर्ड्सवर्थच्या कवितांनी सावरले. १८३३ मध्ये त्याने लिहिले की, वक्तृत्व श्रोत्याला ऐकवलेले असते. कविता मात्र स्वतःशी चाललेले बोलणे असते, आपल्या ती नुसती कानावर पडते.

कवी आणि समीक्षक मॅथ्यू आर्नल्डला नेमके हेच खुपले. मनाचा स्वतःशीच चाललेला संवाद हा त्याला आधुनिक आजार वाटला. जिथे सगळे सोसायचेच असते आणि करण्यासारखे काही नसते, अशा दुःखातून कविता होत नाही, म्हणून १८५३ च्या संग्रहातून त्याने आपलीच ‘एम्पेडोक्लीस ऑन एट्ना’ ही दीर्घ कविता वगळली. शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतल्या कवींकडे ऊर्जा भरपूर होती, पण त्यांना पुरेसे ठाऊक नव्हते, हा त्याचा निवाडा कोलरिजच्या बाबतीत मला अन्यायाचाच वाटतो. मात्र आर्नल्डची तळमळ खरी होती. धर्मश्रद्धा ढासळत असताना जीवनाचा अर्थ लावायला, धीर द्यायला माणसे कवितेकडेच वळतील, असे त्याने १८८० मध्ये लिहिले. एवढा भार पेलायचा तर कविता अव्वलच हवी, म्हणून होमर, दान्ते, शेक्सपिअर, मिल्टन यांच्या ओळी कसोटीच्या दगडासारख्या मनात ठेवाव्यात, असा त्याचा उपाय. त्या कसोटीवर मध्ययुगातला थोर इंग्रजी कवी चॉसरही उच्च गांभीर्याअभावी कमी पडला!

वस्तू मुळात जशी आहे तशी पाहणे हे समीक्षेचे ध्येय आर्नल्डने सांगितले होते. समीक्षक वॉल्टर पेटरने १८७३ च्या रेनेसान्सवरील पुस्तकाच्या प्रस्तावनेत ते मान्य करून लगेच पुस्ती जोडली: त्यासाठीची पहिली पायरी म्हणजे आपल्यावर उमटलेला ठसा मुळात कसा आहे हे ओळखणे. कवीच्या मनापासून सुरू झालेला प्रश्न आता वाचकाच्या मनात येऊन थांबला होता. त्या पुस्तकाच्या समारोपाने तरुण बहकतील या धास्तीने पेटरने १८७७ मध्ये तो काढून टाकला आणि १८८८ मध्ये थोडा बदलून परत घातला.