घरची बीयर, कोलाची टाकी आणि ठाण्याची अबकारी

घरी बीयर करणारे ज्या स्टीलच्या टाकीला लाडाने 'कॉर्नी' म्हणतात, ती मुळात बीयरसाठी बनलेलीच नाही. आणि ब्रिटन-अमेरिकेत शनिवार-रविवारचा छंद असलेली ही गोष्ट ठाण्यात किंवा नेरुळमध्ये गुन्हा का ठरते, याचंही कारण बीयरमध्ये सापडत नाही. ते ताडी-मोहाच्या दारूत आहे. परदेशातली नोकरी संपवून परतणारी मंडळी सामानासोबत केग (बीयर दाबाखाली ठेवायची टाकी) आणि रेग्युलेटर (गॅसचा दाब आवरणारी चावी) आणण्याचा विचार करतात, तेव्हा या दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक असलेल्या बऱ्या.

आधी कायदा, कारण तो जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या दारूचा मोठा पुरवठा खाडीपलीकडून व्हायचा. त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या उरणला मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच पारशी मालकांच्या. फुलं गुजरातेतून यायची. किनाऱ्यावर भंडारी माडाला छेव घालून, म्हणजे काप देऊन, माडी काढत, आत जंगलपट्टीत वारली-कातकरी मोहाची काढत. सरकारला यातून महसूल हवा होता आणि तो घराघरांतून गोळा करणं अशक्य होतं. म्हणून चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. गाळणं, विकणं, अगदी झाडाची माडी काढणंसुद्धा परवान्याखाली गेलं. झाडावर कर बसला. पुढे १८९२ मध्ये मोहाच्या फुलांचाच वेगळा कायदा झाला, आणि त्याचा रोख ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांवर होता. फूल खाण्यासाठी वेचलं की गाळण्यासाठी, हे ओळखणार कसं? सरकारने तो प्रश्न फुलंच आवरून सोडवला. मोहफुलांवरचे हे निर्बंध महाराष्ट्रात सैल व्हायला २०२१ साल उजाडलं.

गंमत अशी की, त्याच सुमारास विलायतेतही घरच्या पिंपावर सरकारची नजर पडली होती. पंतप्रधान ग्लॅडस्टनने १८८० मध्ये माल्टवरचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यावरचा, कर काढून तो बीयरवर बसवला आणि घरी बीयर करणाऱ्यालाही परवाना लागू केला. म्हणजे ठाण्याचा माडीवाला आणि यॉर्कशरचा शेतकरी दोन वर्षांच्या अंतराने एकाच साम्राज्याच्या वहीत चढले. फरक नंतर पडला. ब्रिटनमध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये घरगुती परवान्याची अट काढून टाकली. आपल्याकडे मात्र महसुलाच्या जागी नीती आली. १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि १९५० पासून अख्ख्या मुंबई राज्यात पूर्ण बंदी झाली.

बंदी पुढे साठ-सत्तरच्या दशकांत टप्प्याटप्प्याने ढिली पडली, कायदा मात्र राहिला. आजही महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, हे वाशीच्या बारमध्ये बसलेल्या दहांपैकी किती जणांना माहीत असेल, देव जाणे. पिण्याच्या बाबतीत कायदा डोळे मिटून घेतो, बनवण्याच्या बाबतीत नाही. परवान्याविना मद्य तयार करणं गुन्हा आहेच; शिवाय त्या हेतूने साहित्य, भांडी, उपकरणं बाळगणं हाही गुन्हा आहे. माल्ट आणि हॉप्स (बीयरला कडवटपणा देणारी फुलं) उकळून केलेली पाच टक्क्यांची बीयर आणि काळा गूळ-नवसागर घालून कुजवून गाळलेली हातभट्टी यांत हा कायदा भेद करत नाही. मला हा भेद व्हायला हवा असं वाटतं, पण तो का झाला नाही हेही समजतं. विक्रोळीत २००४ मध्ये आणि मालवणीत २०१५ मध्ये विषारी दारूने माणसं मेली; मालवणीत तर शंभराहून जास्त. त्या दारूत मिथेनॉल होतं. धान्याच्या माल्टची बीयर नुसती आंबवली जाते, गाळली जात नाही. तिच्यात मिथेनॉलचा असा धोका नसतो. पण अशा बातमीनंतर कुठला मंत्री उठून म्हणेल की घरी करायला हरकत नाही?

बंदीच्या काळातही घरं अगदी कोरडी नव्हती. ठाणे-वसईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती, घरांत नाताळची मनुकांची वाइन आणि खिमड हे लग्नातलं मसालेदार मद्य टिकून राहिलं. त्यांचा बॉटल मसालाही काळपट बीयरच्या बाटल्यांतच भरला जायचा. काच गडद असली की उजेडाने मसाला बिघडत नाही.

आता टाकीकडे वळू. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला सवलत मिळाली, बीयरला नाही. ती मिळायला पंचेचाळीस वर्षं गेली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोघे किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर बीयर करमुक्त झाली. सुरुवातीला लोक बाटल्या भरत. साठ बाटल्या धुवायच्या, प्रत्येकीत साखर घालायची, बुचं ठोकायची, आणि अंदाज चुकला तर एखादी फुटायची.

सुटका कोलाने केली. मिनेसोटातल्या कॉर्नेलियस कंपनीसारखे कारखाने शीतपेयांसाठी पाच गॅलनच्या, सुमारे १९ लिटरच्या, स्टीलच्या टाक्या बनवत; 'कॉर्नी' हे नाव त्यावरूनच. दुकानदार त्यातून कोला ओढत. पेप्सीवाल्यांची जोडणी गोळ्यांची, म्हणजे 'बॉल लॉक'. कोका-कोलावाल्यांची खिट्ट्यांची, म्हणजे 'पिन लॉक'. पुढे खोक्यातल्या प्लॅस्टिक पिशवीतून पाक पुरवायची पद्धत आली आणि टाक्या लाखांनी भंगारात निघाल्या. घरी बीयर करणाऱ्यांनी त्या कवडीमोलाने उचलल्या. झाकण लंबगोल आणि हात आत जाईल एवढं, म्हणून घासता येते. बारमधल्या मोठ्या केगचं तसं नसतं. वर दोन तोंडं: बीयरला फेस आणणाऱ्या आणि ती बाहेर ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसची नळी आखूड, बीयरची तळापर्यंत. रबराची पाच वॉशरं बदलावीच लागत, कारण जुन्या सरबताचा वास रबरातून जात नाही आणि व्हॅनिलाच्या वासाची बीयर कुणाला नको असते.

ठाण्याला हे भंगार मिळालंच नाही. अमेरिकेत या टाक्या जोरात होत्या तेव्हा कोका-कोला भारतात नव्हती. ती १९७७ मध्ये गेली आणि १९९३ मध्ये परतली. इथे सोडा म्हणजे गोटीची बाटली. त्यामुळे इथल्या हौशी माणसाला टाकी आयात, नवी आणि महाग पडते. ती बाळगणारे सोडा, कोल्ड ब्रू कॉफी, क्वचित कोकमही भरतात, आणि त्याला कुणाची आडकाठी नाही.

गॅसचं मात्र जपून. वागळे इस्टेटपासून ठाणे-बेलापूर पट्ट्यापर्यंत वेल्डिंगच्या गॅसवाल्यांची वाण नाही, पण वेल्डिंगचा कार्बन डायऑक्साइड पिण्यासाठी नव्हे. खाद्य दर्जाचाच हवा. सिलिंडरचे नियम नागपूरच्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेकडे आहेत. त्यात आपलं हवामान. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांवर द्रवरूपात राहतच नाही आणि तिथून दाब भराभर चढतो. मे महिन्यात ठाण्याची बंद गॅलरी ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणूनच सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत आणि किती गॅस उरला हे काट्यावर नव्हे, वजनावर कळतं. बंदिस्त खोलीत गळती झाली तर हवेपेक्षा जड गॅस खाली साचतो, तो धोका निराळा. शिवाय चार अंशांवर १२ पौंडांच्या दाबात जेवढा फेस बसतो, तेवढ्यासाठी तीस अंशांवर जवळजवळ तिप्पट दाब लागतो. फ्रिजशिवाय केग म्हणजे पेलाभर फेस.

परवान्याच्या वाटेने मात्र या भागात बीयर भरपूर झाली. तळोज्याच्या कारखान्यात २०११ पासून हायनेकेन बनू लागली. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बीयर करून विकणारी छोटी भट्टी, उघडली. २०१४ मध्ये गेटवे ब्रुइंग कंपनीने डोंबिवलीत बीयर करून ती केगमधून मुंबईच्या पबना पोचवायला सुरुवात केली. कारखान्याला परवाना आहे, हॉटेलातल्या मायक्रोब्रुअरीला आहे. घरासाठीचा रकाना महाराष्ट्राच्या कायद्यात अजून उघडलेला नाही.