बीअरचा पाव फुगवतं कोण?

बीअरचा पाव हा मुळात आळशी माणसाचा पाव आहे. मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि थोडी साखर एका भांड्यात घ्यायची, त्यावर बीअरची बाटली रिकामी करायची, चमच्याने कालवायचं आणि साच्यात ओतून ओव्हनमध्ये सारायचं. मळणं नाही, पीठ फुगायची वाट बघत बसणं नाही. तासाभरात पाव तयार. तो फुगतो कशाने, असं कुणी विचारलं की मी बिनदिक्कत सांगायचे, ‘बीअरमध्ये यीस्ट असतं ना, त्याने.’

हे उत्तर चुकीचं आहे, हे मला दोन फजित्यांनी शिकवलं. एकदा बाटली रात्रभर उघडी राहिली. सकाळी त्यात फेस सोडाच, बुडबुडाही उरला नव्हता. टाकवेना म्हणून ती पावात घातली. पाव नेहमीसारखाच झाला, फार तर अर्धा बोट बुटका. नंतर कधीतरी नुकतीच उघडलेली, फसफसती बीअर घातली, पण गप्पांच्या नादात बेकिंग पावडर राहून गेली. ओव्हनमधून जी वीट बाहेर आली, ती कापताना मला सुरीची दया आली. मेलेल्या बीअरचा पाव फुगतो आणि जिवंत बीअरचा बसतो, तर मग बीअर तिथे करते काय?

आधी यीस्टचं प्रकरण निकालात काढू. बाजारातली बहुतेक बाटलीबंद बीअर गाळलेली तरी असते, नाहीतर पाश्चराइज केलेली तरी, म्हणजे बाटलीसकट साधारण ६० अंश सेल्सियसला काही मिनिटं तापवलेली. यीस्ट गाळण्यात जातं किंवा उष्णतेने मरतं. काही बीअर बाटलीतच आंबवतात. तिच्या तळाशी गाळ दिसतो, तो जिवंत यीस्टचा असतो. पण ते यीस्ट थोडं असतं आणि दमलेलंही. पाव फुगवायला त्याला काही तास द्यावे लागतील. आपण तर पीठ कालवल्याबरोबर ओव्हनमध्ये घालतो, आणि ५५-६० अंशांच्या पुढे यीस्ट जगत नाही.

राहिला वायू. इथे हिशोब मोठा गमतीचा आहे. नेहमीच्या लागर बीअरमध्ये लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. ३३० मिलिलिटरच्या बाटलीत म्हणजे दीडेक ग्रॅम. घरातल्या तापमानाला हा वायू मोकळा झाला तर पाऊण ते एक लिटर जागा व्यापेल. आता पावात पडणारी टेबलस्पूनभर बेकिंग पावडर घ्या. तिचं वजन १३ ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातून वजनाच्या साधारण १२ टक्के कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे पुन्हा दीडेक ग्रॅमच! कागदावर दोन्ही पैलवान तोलामोलाचे.

कुस्तीचा निकाल लागतो तो वेळेवर. बीअर कोरड्या पिठावर पडली की पिठाच्या लाखो खडबडीत कणांवर बुडबुडे धरतात, भांड्यात फेसाचा डोंगर उभा राहतो आणि आपण चमचा फिरवता फिरवता तो मोडून टाकतो. बहुतेक वायू ओव्हनचं दार उघडण्याआधीच हवेत मिसळलेला असतो. बेकिंग पावडर, म्हणजे खाण्याचा सोडा आणि कोरडी आम्लं यांचं मिश्रण, मात्र हातची राखून खेळते. तिच्यातल्या आम्लांपैकी एक ओलावा मिळताच सोड्याशी भिडतं, दुसरं बरंच तापेपर्यंत गप्प बसतं. पिठातला स्टार्च ६० अंशांच्या पुढे पाणी पिऊन घट्ट व्हायला लागतो. नेमक्या त्याच सुमाराला हा उशिराचा वायू सुटतो, बुडबुडे ताणले जातात, आणि ते तसेच ताणलेले असताना भोवतालचं पीठ घट्ट होतं. पावाला जाळी पडते ती अशी.

तरीही फेस अगदीच फुकट गेला असं नाही. घट्ट, ओल्या पिठात नवा बुडबुडा तयार होणं अवघड असतं. बेकिंग पावडरचा वायू आधीपासून असलेल्या बारीक बुडबुड्यांत शिरतो आणि त्यांनाच मोठं करतो. बीअर ओतताना जी सूक्ष्म फेसाळ हवा पिठात अडकते, तिच्यात हा वायू भरतो. माझा मेलेल्या बीअरचा पाव जो अर्धा बोट बुटका राहिला, तो बहुधा याचमुळे. म्हणून बीअर थंडगार घ्यावी. थंड द्रवात वायू जास्त काळ टिकतो. ओतल्यावर दहा-बारा वेळा चमचा फिरवावा आणि हात आवरावा. पिठाच्या गुठळ्या राहिल्या तरी बिघडत नाही, जास्त ढवळलं तर मात्र ग्लुटेनचं, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचं, जाळं चिवट होतं आणि पाव रबरासारखा लागतो.

‘बीअरने पाव फुगतो’ ही समजूत मात्र हवेतून आलेली नाही. एके काळी ती शंभर टक्के खरी होती. पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो, की गॉल आणि हिस्पानियातले (साधारण आजच्या फ्रान्स आणि स्पेनमधले) लोक बीअरवर येणारा फेस पिठात घालतात आणि म्हणून त्यांचा पाव इतरांपेक्षा हलका होतो. तो फेस म्हणजे वर तरंगणाऱ्या यीस्टची साय. पुढे कित्येक शतकं युरोपातले भटारी ही साय बीअर गाळणाऱ्यांकडून आणत. पॅरिसमध्ये यावरून चक्क वाद पेटला. तिथला मऊ, लुसलुशीत पाव या सायीने फुगवलेला असायचा. १६६८ मध्ये वैद्यकशास्त्राच्या पंडितांनी बीअरचा फेस आरोग्याला घातक ठरवला. १६७० मध्ये पॅरिसच्या न्यायसभेने अखेर त्याला परवानगी दिली. लोक मधल्या काळातही तो पाव खातच होते, हे सांगायला नकोच.

ही सोयरीक तुटली ती १९व्या शतकात. बीअर गाळणारे लागरकडे वळले. लागरचं यीस्ट थंडीत सावकाश काम करतं आणि तळाशी बसतं, वर साय धरतच नाही. भटाऱ्यांची पंचाईत झाली आणि त्यातून व्हिएन्नामध्ये पावासाठी मुद्दाम यीस्ट वाढवून, दाबून त्याच्या वड्या करण्याची पद्धत पुढे आली. पावाच्या यीस्टने तेव्हापासून वेगळी चूल मांडली, पण आडनाव जुनंच राहिलं. त्याचं शास्त्रीय नाव ‘सॅकरोमायसीज सेरेव्हिसी’, आणि सेरेव्हिसिया म्हणजे लॅटिनमध्ये बीअर. दरम्यान, १८४३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने बेकिंग पावडर तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. आजच्या बीअरच्या पावात फुगवायचं काम करणारी पावडर ही अशी यीस्टच्या वैरातून जन्मली आहे.

बीअरच्या पिंपाने विज्ञानाला काय काय दिलं, हा तर वेगळाच विषय. जोसेफ प्रिस्टली हा इंग्लिश शास्त्रज्ञ १७६७ मध्ये लीड्समध्ये एका बीअरच्या कारखान्याशेजारी राहायला गेला, आंबणाऱ्या पिंपांवर साचलेल्या वायूशी खेळता खेळता त्याने तो पाण्यात विरघळवला आणि जगाला सोडावॉटर मिळालं. पीएच ही आम्लता मोजायची पट्टी १९०९ मध्ये सोरेन सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने मांडली, तीही कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग या बीअर कंपनीच्या प्रयोगशाळेत.

त्या पट्टीवर बीअर साधारण ४ ते ४.५ वर येते, म्हणजे ताकासारखी आंबट. जिभेला हा आंबटपणा फारसा जाणवत नाही, खाण्याच्या सोड्याला मात्र तो लगेच कळतो. बीअर घातलेल्या केकमध्ये बेकिंग पावडरच्या जोडीला चिमूटभर सोडाही चालतो, त्याचं कारण हेच. चिमूटभरच. सोडा उरला की केकला साबणासारखी चव येते.

मग बीअरची खरी देणगी कोणती? धान्य. बीअरमधलं मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले, भाजलेले जव. मोड येताना जवातल्या स्टार्चची साखर करणारी विकरं (एन्झाइम) तयार होतात. त्या साखरेतली बरीचशी यीस्ट खाऊन टाकतं, पण डेक्स्ट्रिन नावाच्या लांब साखळ्या त्याला पचत नाहीत. त्या बीअरमध्ये उरतात, पुढे पावात जातात आणि तिथे ओलावा धरून ठेवतात. सोबत अमिनो आम्लं आणि थोडी साखरही असतेच. ही जोडी तापली की जी रासायनिक धमाल होते तिला मायार्ड अभिक्रिया म्हणतात. लुई कामीय मायार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. भाजल्याचा खमंग वास आणि तपकिरी रंग हा तिचा प्रताप. मॉल्ट भट्टीत भाजलं जातं तेव्हा ती एकदा होऊन गेलेली असते, ओव्हनमध्ये पावाच्या वरच्या थरात ती पुन्हा होते. बीअरचा पाव तासाभरात होऊनही फार वेळ राबल्यासारखा लागतो, कारण त्यातलं अर्धं राबणं कुणीतरी आधीच करून बाटलीत भरलेलं असतं.

खात्री करायची तर एकच पाव बीअरऐवजी सोडावॉटर घालून करून पाहा. मी केला. फुगला छान, जाळीही पडली, पण चव कागदाची.

प्रमाण सांगून टाकते: ३७५ ग्रॅम मैदा, एक टेबलस्पून बेकिंग पावडर, एक टीस्पून मीठ, तीन टेबलस्पून साखर, ३३० मिलिलिटर बीअर. वरून पातळ केलेलं लोणी. १८० अंशांना ४५ ते ५० मिनिटं. मैदा वजन करूनच घ्या. कप डब्यात खुपसून भरला तर मैदा दाबला जातो, सहज पंचवीस-तीस ग्रॅम जास्त येतो, आणि तीन कपांत मिळून पाव दगड व्हायला तेवढं पुरतं.

आता अल्कोहोल. ‘ते ७८ अंशांना उकळतं, ओव्हन १८० वर, म्हणजे सगळं उडून जातं’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे, पण खोटा. पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल एकटं निघून जात नाही, पाण्याच्या वाफेबरोबर हळूहळू जातं. शिवाय पावाचा आतला भाग शेवटपर्यंत शंभर अंशांच्या खालीच असतो. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळे पदार्थ शिजवून उरलेलं अल्कोहोल मोजलं होतं. अर्ध्या तासानंतर सुमारे ३५ टक्के, तासाभरानंतर २५ टक्के आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के शिल्लक होतं. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बीअरमध्ये १३ ग्रॅम अल्कोहोल असतं. त्यातलं तिसरा हिस्सा राहिलं असं धरलं तर अख्ख्या पावात चारेक ग्रॅम, दहा तुकडे केले तर तुकड्यात अर्ध्या ग्रॅमहून कमी. नशा येण्याचा प्रश्नच नाही. पण जे अल्कोहोल अजिबात घेत नाहीत, त्यांना ‘सगळं उडालंय हो’ असं सांगून वाढणं बरं नव्हे. बिनअल्कोहोलची बीअर वापरली तरी पाव तितकाच चांगला होतो, मात्र तिच्यातही बरेचदा अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं, तेव्हा लेबल वाचावं.

गोडाकडे वळलं की बीअर निवडताना डोकं जास्त चालवावं लागतं, कारण हॉप्स. हॉप्स या वेलीची फुलं बीअर करताना उकळतात, तेव्हा त्यातली आल्फा आम्लं रूप पालटतात आणि बीअरला कडवटपणा देतात. ही कडू संयुगं उडून जात नाहीत. हॉप्सचा फुलाफळांसारखा सुगंध मात्र हलक्या तेलांचा असतो आणि तो पहिल्या वाफेबरोबर पसार होतो. परिणामी हॉप्सचा मारा असलेली इंडिया पेल एल घेऊन पाक करायला जावं तर ज्या वासासाठी ती घेतली तो जातो आणि कडूपणा तेवढा घट्ट होतो. मी एकदा ३३० मिलिलिटर आटवून ८० वर आणली होती. कडूपणा चौपट झाला. त्यावर किती साखर ओतली हे सांगत नाही, पण शेवटी सगळं मोरीत गेलं.

गोडासाठी स्टाउट ही काळी बीअर घ्या. तिच्यातले जव जवळजवळ करपेपर्यंत भाजलेले असतात, त्यामुळे चव कॉफी आणि कोकोच्या गावची. चॉकलेट केकमध्ये दुधाऐवजी ती घातली तर बीअर अशी ओळखू येत नाही, कोको मात्र दुप्पट घातल्यासारखा लागतो. स्टाउट आणि लोणी एकत्र गरम करायचं, त्यात कोको आणि साखर विरघळवायची, थंड झाल्यावर अंडी आणि मग मैदा-सोडा. गरम करताना वायू सगळा निघून जातो, जाऊ द्या, इथे फुगवायचं काम सोड्याचं आहे. भांडं तेवढं मोठं घ्या. बीअरमधली प्रथिनं फेस धरतात आणि तो दुधासारखा क्षणात उतू जातो. करपवलेल्या साखरेत बीअर घालायची असेल तर ती आधी कोमट करून, थोडी थोडी आणि तोंड लांब ठेवूनच घाला. साखर तेव्हा १७० अंशांच्या आसपास असते, तिच्यावर पडलेल्या बीअरची तत्क्षणी वाफ होते.

हा केक त्याच दिवशी कापू नका. गुंडाळून रात्रभर ठेवला की कडेचा कोरडेपणा जातो, ओलावा सगळीकडे सारखा पसरतो आणि स्टाउटचा भाजका वास वर येतो. पावाचं बरोबर उलटं. तो दुसऱ्या दिवशी शिळा लागतो, तेव्हा जाड तुकडे करून लोण्यावर परतून घ्यावेत.